घराला कुलूप, हक्कालाही कुलूप



बेघर हा शब्द ऐकला की मुंबईच्या पुलाखाली झोपलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याचे आपल्याशी काय नाते? आपल्याला घर आहे. दोन खणांचे का होईना, पण आहे. पुढे ओसरी आहे, मागे गोठा आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. बेघरांचा प्रश्न शहरवाल्यांचा, आणि आपला प्रश्न कापसाच्या भावाचा आणि ज्वारीच्या उताऱ्याचा, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो.

ही वाटणी खोटी आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला घर असते, पण वर्षातले सहा महिने तो त्या घरात नसतो. आणि ज्या दिवशी तो घराला कुलूप लावतो त्या दिवशी दवाखाना, अंगणवाडी, रेशन, लसीकरण, शाळा ही सगळी त्या कुलपाच्या आत राहतात. किल्ली त्याच्या कंबरेला असते. हक्क मात्र बरोबर येत नाही.

आधी सरकारचा आकडा पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली. त्यांतली सुमारे ८ लाख ३५ हजार ग्रामीण भागातली होती. शंभरात सत्तेचाळीस. म्हणजे बेघर हा केवळ शहराचा प्राणी आहे ही समजूत सरकारच्याच आकड्याने मोडते. बेघरांची ही मोजणी झाली २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री. फेब्रुवारी अखेर म्हणजे साखर कारखान्यांचे गाळप जोरात. त्या रात्री आपली माणसे कुठे होती? कोल्हापूर, सांगली, सातारा, बारामतीकडच्या कारखान्यांच्या तळांवर, पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोपीत. त्यांना बेघर म्हणावे तर गावाकडे त्यांचे घर आहे. घरवाले म्हणावे तर त्या घराला कुलूप आहे. अशा माणसाला कोणत्या रकान्यात घालायचे? सरकारच्या कागदावर त्याच्यासाठी रकानाच नाही.

आता आपल्याकडे येऊ. चारठाण्यात हेमाडपंती देवळे आहेत, बारव आहे. बाहेरून माणसे ती पाहायला येतात. ज्यांनी ती बारव बांधली त्यांना एक गोष्ट कळत होती: वाटसरूला पाणी आणि सावली देणे हे गावाचे काम आहे. पायऱ्या उतरून पाणी पिणाऱ्याला कोणी रहिवासी दाखला मागितला नसेल. त्याच चारठाण्याच्या आसपासच्या शिवारात आज दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या गाड्या लागतात. येलदरीचे धरण याच जिंतूर तालुक्यात असले तरी उंचवट्यावरच्या मुरमाड शेताला त्याचा थेंब चढत नाही. दोन-तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस, थोडी तूर, पाऊस उशिरापर्यंत टिकला तर रब्बीची ज्वारी. २०१७ साली बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा किती घरांनी उचल घेतली हे ज्याचे त्याने आठवावे. उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. दोन माणसांचा एक कोयता! हिशेबात बाईचे वेगळे नावसुद्धा नाही.

गाडीत काय चढते? ज्वारीचे पीठ, भांडीकुंडी, गोधड्या, एखादी शेळी, कडेवरचे पोर, आणि शाळेतून काढलेली थोरली मुलगी, कारण धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवे. मागे काय राहते? म्हातारी माणसे, २०१६ नंतरच्या योजनेतून १ लाख २० हजार रुपये मिळवून बांधलेले घरकुल, आणि त्या घरकुलाला कुलूप. घरकुल दिले म्हणून सरकारच्या दप्तरी हे कुटुंब बेघरांच्या यादीतून कायमचे निघाले. आणि इकडे तेच कुटुंब वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या पाचटाखाली झोपते.

दप्तराची ही करामत समजून घेतली पाहिजे, नाहीतर आपण नर्सबाईशी आणि अंगणवाडीताईशी उगाच भांडत बसू. दोष त्यांचा नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे. सपाट प्रदेशात ५ हजार लोकवस्तीला एक आरोग्य उपकेंद्र, ३० हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई. ही वस्ती म्हणजे तिथे राहणारी म्हणून नोंदलेली माणसे. त्या हिशेबानेच माणसे नेमली जातात आणि कामाचे उद्दिष्ट ठरते. अंगणवाडीचा पोषण आहार पटावरच्या नावावर येतो. गरोदर बाईची नोंद तिच्या गावच्या उपकेंद्रात होते.

आता एका गरोदर बाईचा प्रवास पाहा. नाव कोणतेही घ्या. प्रत्येक टोळीत अशी एक तरी असते. चौथा महिना लागला तेव्हा गावात नोंद झाली, कार्ड मिळाले, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पाचव्या महिन्यात ती गाडीत चढली. गावची आशाताई घरी जाते तर कुलूप. वहीत शेरा पडतो: बाहेरगावी गेली. ज्या गावच्या हद्दीत कोपी आहे तिथली आशाताई तळावर जाईलच असे नाही, कारण ही बाई तिच्या यादीत नाही. एका यादीत नाव आहे पण बाई नाही. दुसरीकडे बाई आहे पण यादीत नाव नाही. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत. मधल्या मध्ये बाई पहाटे चारला उठून फडात जाते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि सातव्या-आठव्या महिन्यातही वाहतच राहते.

पोराचेही तसेच. दीड महिन्याची लस गावात झाली तर अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी कोणी द्यायच्या? गोवराची लस नवव्या महिन्यात असते. नववा महिना जानेवारीत आला तर पोर फडाच्या बांधावर असते. अंगणवाडीतली खिचडी गावात शिजते, पोर तळावर उपाशी. आणि गावात पटावर नाव असून पोर हजर नाही, म्हणून तिथल्या ताईलाही साहेबाची बोलणी.

रेशनचे थोडे बरे झाले, हेही सांगितले पाहिजे. आता कार्ड एका दुकानाला बांधलेले नाही. राज्यात कोठेही अंगठा लावून धान्य उचलता येते, आणि जानेवारी २०२० पासून महाराष्ट्राबाहेर काही राज्यांतही उचलता येऊ लागले. चांगली गोष्ट आहे. पण ती तळापर्यंत पोचताना लंगडते. दुकान गावात, तळ गावाबाहेर. दुकानाची वेळ ती फडाची वेळ. जायचे तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीत धरतो. त्यात कोयत्याने सोललेल्या हाताचा अंगठा यंत्र ओळखत नाही. नियमात हक्क आहे, पण त्या हक्कापर्यंत जाण्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची, हे नियमात नाही.

मग माणूस काय करतो? आजार अंगावर काढतो. फार झाले की जवळच्या खाजगी डॉक्टरकडे जातो, सलाईन लावून घेतो, आणि त्याचे पैसे मुकादमाकडूनच घेतो. उचल वाढते. पट्टा पडताना हिशेब होतो तेव्हा फिटता फिटत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच कोयता पुन्हा त्याच मुकादमाकडे बांधला जातो. म्हणजे सरकारी दवाखाना दूर असण्याची किंमत केवळ आजारपण ही नाही. तिचे व्याज पुढच्या हंगामाच्या गुलामीत फेडावे लागते.

याचा शेवट कुठे होतो हे २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्याने देशाला दाखवले. तीन वर्षांत त्या जिल्ह्यात ४,६०५ बायकांची गर्भाशये काढली गेल्याचा आकडा सरकारने विधिमंडळात सांगितला. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत अशी ओरड झाली, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वर्तमानपत्रांनी मुकादमांना दोष दिला, काहींनी खाजगी डॉक्टरांना दिला. दोष असेल त्याला शिक्षा व्हावी. पण त्या बाईच्या जागी उभे राहून विचार करा. तळावर संडास नाही, न्हाणी नाही, स्वच्छ पाणी नाही. अंगावरून जाते, पोट दुखते, ताप येतो. साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार. पण ज्या सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळतात तो तिच्या गावी, आणि ती चारशे किलोमीटरवर. पाळी आली म्हणून बसली तर खाडा. मग कोणीतरी सांगते, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. तिशीतली बाई कर्ज काढून पिशवी काढते आणि पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते. ज्या कामाला वेळेवर गोळी पुरली असती तिथे सुरी चालली. निवारा आणि दवाखाना यांचे नाते याहून उघडे करून कोणी दाखवू शकणार नाही.

आतापर्यंत घर सोडल्यामुळे दवाखाना सुटतो ते पाहिले. आता उलटे पाहा. दवाखान्यापायी घर सुटते, आणि हेही आपल्याच माणसाचे होते.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. १९४१ सालापासून तिथे कर्करोगावर उपचार होतात, आणि देशभरातून माणसे येतात. त्या भागात पदपथावर चादर टाकून, शेजारी तपासणीच्या कागदांची पिशवी ठेवून झोपलेली माणसे पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांत मराठवाड्याची माणसे नेहमीच असतात. हीच ती पुलाखालची माणसे, ज्यांचे आपल्याशी नाते नाही असे आपण म्हणत होतो! यांतल्या कित्येकांच्या नावावर जमीन आहे. गावी घर आहे. पण उपचार दोन-तीन महिन्यांचे, आणि मुंबईत रात्र काढायला छप्पर नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा आणि उपचाराचा खर्च उचलला, ही साधी गोष्ट नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेला २०१७ मध्ये फुल्यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये सरकारने ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचे आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचे ठरवले. भरती झालेल्या रुग्णाला जेवण आणि एकदा परतीचे भाडेही मिळते. पण कर्करोगाचा उपचार सगळा खाटेवर होत नाही. ज्याला गावात लाईट देणे म्हणतात ते किरणोपचार पाच-सहा आठवडे चालतात. रोज जायचे, काही मिनिटांचे काम, बाहेर यायचे. औषधाची सलाईन लावतात तीही बहुतेक वेळा दिवसापुरती. दवाखान्याच्या दृष्टीने हा माणूस भरती नाही, तो घरी गेलेला आहे. कोणत्या घरी? चारठाण्याच्या? रोज संध्याकाळी? पाच लाखांचा उपचार फुकट, आणि शंभर रुपयांच्या छपराअभावी उपचार अर्धवट टाकून माणूस गावी परततो. मग सरकारने खर्च केलेले पैसेही वाया आणि माणूसही हातचा गेला.

ही गरज सरकारच्या आधी एका परटाच्या पोराला कळली होती. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आणि मुंबईतही धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ मध्ये बाबा गेले, पण त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना थारा देते. परळची नाना पालकर स्मृती समितीही तेच काम करते. या संस्थांना आमचा दंडवत. पण त्यांच्या खाटा किती आणि मागणारे किती! शिवाय दवाखाना बांधायचा सरकारने आणि दवाखान्यात येणाऱ्याला झोपायला जागा द्यायची देणगीदारांनी, ही कुठली वाटणी? छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीलाही कर्करोगाचे रुग्णालय आहे. परभणीच्या माणसाला मुंबईपेक्षा ही जवळची. तिथे उपचाराइतकाच मुक्कामाचा विचार झाला तर कितीतरी जणांची परळची वारी वाचेल.

इथे दोन आक्षेप येतात. दोन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप आपल्याच चळवळीतला. कार्यकर्ते म्हणतात, कापसाला आणि ज्वारीला रास्त भाव मिळाला तर कोण कशाला कोयता घेईल? मुळावर घाव घाला, फांद्या कशाला छाटता? मूळ तेच आहे, यात शंका नाही. कोरडवाहू शेत तोट्यात गेले म्हणूनच घराला कुलूप लागते. पण तापाने फणफणलेले पोर भाव मिळेपर्यंत थांबत नाही. शिवाय उद्या भाव मिळाला तरी ज्याच्याकडे जमीनच नाही, किंवा अर्धा एकर आहे, तो जाणारच. आणि दुष्काळ पडला की चांगला खातेदारही जातो. १९७२ साली गेला. २०१६ साली मराठवाड्यातली कुटुंबे मुंबईत घाटकोपरच्या मैदानावर पाल ठोकून राहिली, ती काही हौसेने नव्हे. भावाची लढाई लढायचीच, पण ती लढणारा माणूस जिवंत तर राहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप शहरातल्या शहाण्यांचा. गावात सगळे फुकट देतो, आता जाल तिथेही फुकट हवे का? फुकट कोण मागतो? ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तितकीच भर सरकारने घालायची, असे सरकारनेच ठरवले आहे. तो ऊस तोडतो कोण? ती रक्कम कामगाराच्या घामाच्या हिशेबातली आहे. तिच्यातून तळावर संडास आणि दवाखाना झाला तर तो उपकार नव्हे. शिवाय दुसरीकडची नवी नर्स कोणी मागत नाही. जी सेवा गावात त्याच्या नावाने मंजूर आहे तीच तो जिथे आहे तिथे मिळावी, एवढेच मागणे आहे.

हे होऊ शकते का? सरकार म्हणते, हलत्या माणसाला सेवा कशी पोचवायची? आम्ही म्हणतो, तुम्हीच पोचवून दाखवली आहे.

महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. त्या योजनेत कामाच्या जागी पिण्याचे पाणी, लेकरांसाठी सावली आणि सांभाळायला बाई, प्रथमोपचाराची पेटी ठेवावी लागे. अंमलबजावणी कशी होती ते दगड फोडलेल्या बायकांना विचारा. पण तत्त्व काय होते पाहा. मजूर कोणत्या गावचा हे न विचारता जिथे काम तिथे सोय. रोजगार हमीच्या खडी केंद्रावर जे तत्त्व सरकारला मान्य होते ते उसाच्या फडावर अमान्य का?

दुसरा दाखला क्षयरोगाचा. क्षयाच्या रुग्णाची नोंद आता त्याच्या ओळख क्रमांकावर असते. तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर उपचार तिकडे वर्ग होतो. आहारासाठी एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये त्याच्या खात्यात जातात, मग तो कुठेही असो. क्षय पसरतो म्हणून सरकारने माणसाच्या मागे जायची तसदी घेतली. गरोदर बाईचा रक्तक्षय पसरत नाही, म्हणून तिच्या मागे कोणी जात नाही!

तिसरा दाखला २०२० चा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळांवर अडकले. तोवर त्यांची मोजणी करणे कोणाला जमत नव्हते. मग काही दिवसांत हिशेब निघाला: सव्वा लाखाहून अधिक कामगार! १७ एप्रिलला त्यांना घरी सोडण्याचा निर्णय झाला, आणि निघण्याआधी तपासणी ठरली. म्हणजे मोजता येते, तपासताही येते. रोगाची भीती साहेबाच्या दारापर्यंत आली की सगळे जमते.

आणि चौथी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून ती नीट वाचा. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला अंगणवाड्यांबद्दल निकाल दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी दिली पाहिजे, असा तो आदेश. मोठ्या कारखान्याच्या एकेका तळावर ४० पोरे सहज असतात. मेख एवढीच की मागणी तळावर गेल्यावर केली तर तीन महिने भरेपर्यंत हंगाम संपत येतो. मागणी पोळ्याच्या आधी गेली तर दिवाळीनंतर ताटात खिचडी पडू शकते.

याच न्यायालयाने २०१० मध्ये शहरांना बजावले की दर एक लाख लोकवस्तीमागे बेघरांसाठी बारमाही निवारा हवा. पुढे २०१३ च्या केंद्र सरकारच्या शहरी अभियानातही तोच हिशेब धरला गेला. तो शहरांपुरता. तळावरच्या माणसासाठी असा कोणताही हिशेब नाही. १९७९ साली केंद्राने स्थलांतरित मजुरांसाठी कायदा केला, त्यात राहायला जागा आणि औषधपाणी देणे ठेकेदारावर बंधनकारक होते. पण तो कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यालाच लागू होता. चारठाण्याचा माणूस बेळगावकडच्या कारखान्यावर गेला तर स्थलांतरित, आणि शेजारच्या कोल्हापुरात गेला तर तो जणू पाहुणा म्हणून गेला! आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत मिसळला आहे. तिथे राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्या मजुराचे काय होते यावर आपण डोळा ठेवला पाहिजे.

सरकारला इतके सुनावल्यावर गावालाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. आपल्या गावांच्या कडेला, गायरानाच्या टोकाला, पाले पडतात. पारधी असतात, वडार असतात, घिसाडी असतात. त्यांच्याकडे रहिवासी दाखला नाही, म्हणून रेशनकार्ड नाही; कार्ड नाही म्हणून योजना नाही. त्यांचे पोर शाळेत बसवायला आले की किती गावांत कपाळावर आठ्या पडतात? भटक्या-विमुक्तांच्या वस्तीसाठी यशवंतराव चव्हाणांच्या नावाची मुक्त वसाहत योजना आहे, पण जागा दाखवायची वेळ आली की ग्रामसभेला गायरानाचे प्रेम फुटते. चारठाण्याच्या माणसाने सांगलीच्या तळावर जे मागायचे तेच पालातला माणूस चारठाण्यात मागतो आहे. त्याला नाही म्हणणाऱ्या गावाला कारखान्याच्या दारात उभे राहून हक्काची भाषा बोलता येणार नाही.

तेव्हा जिल्ह्याच्या बैठकीत पुढील गोष्टींवर चर्चा करून ठराव करावा, असे आम्ही सुचवतो.

एक. दर वर्षी दसऱ्याच्या आधी प्रत्येक ग्रामपंचायतीने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची वही करावी. कोण जाते, कोणत्या कारखान्यावर, बरोबर गरोदर बाई किती, सहा वर्षांखालची पोरे किती, क्षयाचा आणि साखरेचा रुग्ण किती. वहीची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आणि एक त्या कारखान्याच्या तालुक्याला जावी. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र नवऱ्याइतकेच बायकोच्याही नावाने घ्यावे.

दोन. निघण्याआधी गावात आणि परतल्यावर पुन्हा एकदा बायकांची तपासणी व्हावी. गरोदर बाईचे आणि पोराच्या लसीचे कार्ड घरात खुंटीला टांगून न ठेवता बरोबर न्यावे. एवढे तरी आपल्याच हातात आहे.

तीन. तळ ज्या उपकेंद्राच्या हद्दीत, त्या नर्सबाईची आठवड्यातून एक संध्याकाळची फेरी तळावर असावी. दुपारची फेरी फुकट, कारण दुपारी कोपीत कोणी नसते. तळाची लोकसंख्या हंगामापुरती त्या केंद्राच्या हिशेबात धरावी, म्हणजे औषध कमी पडणार नाही. पाणी, संडास आणि दिवा ही जबाबदारी कारखान्याची.

चार. अंगणवाडीची लेखी मागणी तळ पडण्याच्या आधी करावी. ज्यांना पोरे गावातच ठेवायची आहेत त्यांच्यासाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उघडण्याचे सरकारने २०२१ मध्ये ठरवले. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेल्या वसतिगृहांत मुली किती आणि मुलगे किती राहतात, याचा हिशेब दर बैठकीत मागावा.

पाच. ज्या सरकारी रुग्णालयात आठवडेच्या आठवडे उपचार चालतात तिथे रुग्ण आणि एका सोबत्यासाठी मुक्कामाची जागा असावी, आणि फुले योजनेच्या रकमेत त्या मुक्कामाचा खर्च धरावा.

सहा. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे, म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. गणना करणारा माणूस तळावर गेला पाहिजे, आणि कोपीतल्या कुटुंबाची नोंद झाली पाहिजे. २०११ साली जे झाले ते पुन्हा होऊ दिले तर पुढची अनेक वर्षे आपण पुन्हा रकान्याबाहेर.

सात. पालातल्या कुटुंबांना रहिवासी दाखला आणि रेशनकार्ड देण्याचा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा.

या सात मागण्यांत सरकारी तिजोरी रिकामी करणारे फारसे काही नाही. यादीत नाव घराचे न लिहिता माणसाचे लिहायचे आहे, एवढाच फरक. शेतकरी घर सोडतो तो पोट भरायला नाहीतर जीव वाचवायला. दोन्ही वेळी तो या राज्याचा नागरिक असतोच. ही गोष्ट ज्यांना मुंबईत बसून दिसत नाही त्यांना दाखवायचे काम बैठकीला आलेल्या प्रत्येकाचे आहे. दसऱ्याला गाडी गावात लागेल तेव्हा वही तयार पाहिजे.